वादळाच्या नावावर

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला की बागेतला धक्का पडला. टाळेबंदीचे दिवस होते, रस्त्यावर आंब्याच्या फांद्या आणि विजेच्या तारा आडव्या पडलेल्या. मी भाट्याच्या खाडीकाठी पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. खाडीत पुढे गेलेला आमचा छोटा लाकडी धक्का एका अंगावर कलंडून चिखलात रुतला होता. त्याच्या चार खांबांपैकी दोन पाण्याच्या पातळीशी मोडले होते. नुकसानीची यादी करायला आलेल्या माणसानं वहीतून मान वर न काढता विचारलं, "वादळानंच ना?" मी मान हलवली.

तो पुढे गेल्यावर मी मोडलेल्या खांबाचा एक तुकडा उचलला. हातभर लांबीचा, पण उचलताच हाताला इतका हलका लागला की मी दचकलो. गुडघ्यावर दाबला तर तो मोडला. बाहेरून जवळपास धड दिसणारं ते लाकूड आतून पोळ्यासारखं झालं होतं. बोट जाईल अशी बिळं, एकाशेजारी एक, आणि प्रत्येकाला आतून चुन्यासारखा पांढरा लेप. वादळानं फक्त शेवटचा धक्का दिला होता. खांब त्याच्या कितीतरी आधी संपला होता. तुकडा मी गाडीच्या डिकीत ठेवला, वर ताडपत्री ओढली आणि पुढची दोन वर्षं कुणाला दाखवला नाही.

मी स्थापत्य अभियंता आहे. रत्नागिरीत पंचवीस वर्षं कामं करतो आहे. ही बाग एका संस्थेची, पण सगळ्यांसाठी खुली. संस्थेचं नाव इथे घेत नाही, कारण या प्रकरणात त्यांची काही चूक नव्हती. आता हे लिहायचं कारण असं की २०२५ साली मुंबईत मलबार हिलवर झाडीतून जाणारी ४८५ मीटर लांबीची उन्नत लाकडी वाट खुली झाली, आणि तेव्हापासून कोकणातल्या गावांमधून मला विचारणा होऊ लागली आहे: आमच्याही समुद्राकडेला अशी वाट करता येईल का? येईल. पण आधी माझ्या वाटेचं काय झालं ते ऐका.

काम माझ्याकडे २०१८ मध्ये आलं. बागेच्या कडेनं खाडी, पलीकडे कांदळवन. त्या ओलसर जमिनीवर पेव्हर ब्लॉक टाकले तर एका पावसाळ्यात खचतात, काँक्रीट ओतलं तर पाणी अडतं. जमिनीपासून उचललेली लाकडी वाट हाच योग्य उपाय होता, आणि आजही माझं मत तेच आहे. प्रश्न होता, लाकूड कुठलं? साग परवडणारा नव्हता. ऐन-किंजळ मिळाला असता, पण कोकणातली खासगी मालकीची जंगलं ज्या वेगानं करवतीखाली जात आहेत ते मी डोळ्यांनी बघत आलो आहे. त्यात माझा हातभार लागू नये असं मनापासून वाटत होतं. परदेशी जंगली लाकूडही नको होतं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला समुद्रकाठची प्रसिद्ध फळ्यांची वाट वर्षानुवर्षं उष्ण कटिबंधातल्या जंगलांच्या लाकडानं दुरुस्त होत आली, आणि २००८ मध्ये त्या शहरालाही असं लाकूड कमी करण्याची योजना जाहीर करावी लागली. जी चूक ते सुधारत होते ती आपण का करावी?

असा विचार करत मी सुधारित लाकडापर्यंत आलो. कल्पना खरोखर सुंदर आहे. पाइनसारखं झपाट्यानं वाढणारं, लागवडीतलं मऊ लाकूड घ्यायचं आणि त्याची प्रकृतीच बदलायची. लाकडाच्या पेशींच्या भिंतींत पाणी धरून ठेवणाऱ्या रासायनिक जागा असतात. लाकूड फुगतं, आक्रसतं, पिळतं आणि शेवटी बुरशीचं अन्न होतं, ते सगळं या जागांमुळे. ॲसिटिलेशनमध्ये ॲसिटिक अनहायड्राइड वापरून या जागा बंद करतात. विषारी औषध भरावं लागत नाही, आणि बुरशीला ते लाकूड पचत नाही. हे लाकडावर करून बघण्याचे प्रयोग १९२८ पासूनचे आहेत. नेदरलँड्समधल्या आर्नहेमला त्याचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला, आणि त्याच देशातल्या स्नेक गावी महामार्गावर या लाकडाचा पूल २००८ साली उभा राहिला. त्यावरून अवजड वाहनं जातात. त्या पुलाचा फोटो मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

दुसरी पद्धत उष्णतेची. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात ती पक्की झाली. लाकूड वाफेच्या वातावरणात तापवायचं. बाहेरच्या वापरासाठी साधारण २१२ अंश सेल्सियसपर्यंत. लाकडातली साखरेसारखी द्रव्यं विघटित होतात, रंग भाजलेल्या कॉफीसारखा होतो, पाणी शोषणं बरंच कमी होतं. रसायन काहीच नाही. मात्र लाकूड थोडं ठिसूळ होतं, वाकण्याची ताकद घटते, आणि जमिनीच्या स्पर्शात ते वापरू नये अशी स्पष्ट सूचना असते.

माझी पहिली चूक इथली, आणि बाकीच्या सगळ्या चुका तिच्या पोटी जन्मल्या. दाखले मी ॲसिटिलेशनचे वाचले आणि विकत घेतलं उष्णतेनं सुधारलेलं लाकूड, कारण ते स्वस्त पडत होतं. दोन्हींवर "सुधारित" हा एकच शब्द होता, आणि तेवढ्यावर मी दोन्हींचे गुण एक समजलो. संस्थेच्या बैठकीत मी स्नेकच्या पुलाचा फोटो दाखवला. त्या खोलीत फरक जाणणारा मी एकटाच असायला हवा होता, आणि मीच तो सांगितला नाही, कारण माझ्या मनात तो फरक उरलाच नव्हता. जमिनीच्या स्पर्शाबद्दलची सूचना माहितीपत्रकात छापलेली होती. मी ती वाचली होती. वाचून पुढे गेलो होतो.

जानेवारी २०१९ मध्ये काम सुरू झालं. माझ्याबरोबर संगमेश्वरकडचे एक वयस्कर सुतार होते, आम्ही सगळे त्यांना मेस्त्रीकाका म्हणायचो. जुनी घरं उतरवण्यात आणि बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. वाटेखालचे आडवे वासे मी थेट जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवायला सांगितले. चिरे जमिनीत निम्मे गाडलेले, वासे जमिनीपासून चार बोटं वर. काकांनी चिऱ्यावर हात ठेवून म्हटलं, "सायेब, ह्यो चिरा पानी पितो. लाकूड भिजलं म्हनून कुजत नाय, सुकाया मिळालं नाय म्हनून कुजतं. खालनं वारा खेळू दे." मी त्यांना समजावलं की काका, हे लाकूड वेगळं आहे, याला भट्टीत भाजलेलं आहे. ते काही बोलले नाहीत. "बरं," म्हणाले आणि कामाला लागले.

माझं आजोळचं घर लांज्याजवळ आहे. ओटीवरचा प्रत्येक सागवानी खांब काळ्या दगडाच्या तळखड्यावर उभा आहे. जोतं दगडाचं, तळखडा दगडाचा, आणि मग लाकूड. लाकडाला मातीची ओल कधी शिवत नाही. लहानपणी त्या तळखड्यावर बसून मी फणसाचे गरे खाल्ले आहेत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्या पावसात हे खांब पिढ्यान्‌पिढ्या उभे का आहेत, हे विचारायला मला फिनलंडला जाण्याची गरज नव्हती.

स्क्रूंचंही तेच. बाहेरच्या कामाला आम्ही नेहमी जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरतो, तेच वापरले. उष्णतेनं किंवा ॲसिटिलेशननं सुधारलेल्या लाकडात थोडं आम्ल उरतं आणि ते जस्त खातं. वरून खाडीचा खारा वारा. अशा जागी स्टेनलेसच हवं, आणि तेही ३१६ प्रतीचं, कारण ३०४ प्रत समुद्राजवळ डागाळते. पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती काळा-तांबूस डाग पसरला. आधी भोक न पाडता स्क्रू मारल्यामुळे ठिसूळ फळ्यांची टोकं चिरली होती, त्या चिरांतून पाणी आत जाऊ लागलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वासे पाहिले तर वाळवीनं चिऱ्यातून वर मातीची नळी चढवली होती आणि तीन वासे आतून पोखरले होते. भाजलेलं लाकूड बुरशीला नको असतं, वाळवीला चालतं. फळ्या मात्र शाबूत होत्या. त्या फुगल्या नाहीत, पिळल्या नाहीत, फक्त उन्हानं करड्या पडल्या. त्या लाकडानं जे कबूल केलं होतं ते पाळलं. जे त्यानं कधी कबूलच केलं नव्हतं, ते मी त्याच्याकडून अपेक्षिलं.

यातलं बहुतेक दुरुस्त होण्यासारखं होतं. पुढची गोष्ट तशी नाही.

वाट उघडण्याआधी फळ्यांचा रंग खुलावा म्हणून मी त्यांना जवसाचं कच्चं तेल लावून घेतलं. दिसायला सुरेख झालं, उद्घाटनाचे फोटो छान आले. पण या तेलावर बुरशी आणि शेवाळ पोसतं. शिवाय फळ्यांवर लांबीच्या दिशेनं रेषा कोरलेल्या होत्या. घसरू नये म्हणून त्या आहेत असं मी समजत होतो. आपल्या पावसात त्या रेषांमध्ये माती आणि पाणी साचून राहतं. आषाढ-श्रावणात त्या वाटेवर हिरवट, बुळबुळीत थर चढला. बाजूच्या झाडांनी ऊन अडवलेलं, त्यामुळे तो वाळायचा नाही. बागेच्या माळ्यानं दोनदा फोन करून सांगितलं. मी म्हटलं, गणपती झाले की बघू.

२०१९ चे गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीला होते. मुंबईहून घरच्या गणपतीला आलेलं एक कुटुंब संध्याकाळी बागेत फिरायला आलं. सत्तरीच्या आजी नातवाचा हात धरून चालत होत्या. त्या घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. आजी बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. त्यांचा मुलगा शांत होता, त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "पावसात तुम्ही स्वतः त्या वाटेवर चालून बघितलं होतं का?"

नव्हतं बघितलं. पाऊस सुरू झाल्यापासून मी तिकडे फिरकलोच नव्हतो. वाट उन्हाळ्यात बांधली, उन्हाळ्यात तपासली आणि उन्हाळ्यात ताब्यात दिली. वर्षातले चार महिने जिथं पाऊस कोसळतो तिथं मी आठ महिन्यांसाठी वाट बांधली होती. आजींची शस्त्रक्रिया झाली, त्या चालू लागल्या, पण काठी घेऊन. उपचाराचा काही खर्च मी दिला. तो द्यायलाच हवा होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुलाच्या त्या प्रश्नाचं उत्तर अजूनही माझ्याकडे नाही.

आता खांबांकडे येतो. धक्क्याचे चार खांब भरती-ओहोटीच्या पाण्यात होते. औषध भरलेलं लाकूड वापरावं असं एकानं सुचवलं होतं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबानं लाकडात भरण्याची ही पद्धत जगभर वापरली गेली, आणि ती शोधली ती आपल्याच सोंती कामेशम यांनी, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत, १९३३ मध्ये. पण ज्या खाडीत बायका तिसऱ्या आणि कालवं काढायला उतरतात, तिथं आर्सेनिक भरलेले खांब रोवायला माझं मन तयार होईना. तो नकार योग्यच होता. त्याच्या जागी मी जे केलं ते चुकीचं. घरात असलेले उष्णतेनं सुधारलेल्या लाकडाचे जाड तुळवट मी खांब म्हणून पाण्यात उभे केले. जमिनीला लावू नये असं सांगितलेलं लाकूड मी समुद्राला लावलं.

खांब रोवताना एक मच्छीमार होडी थांबवून बघत होता. त्यानं विचारलं, याला काय लावलंय? मी म्हटलं, काही लावायची गरज नाही. तो मान हलवून निघून गेला. त्याच्या बापजाद्यांनी होडीच्या तळाला तेल, राळ, चुना लावण्यात आणि पावसाळ्याआधी होडी ओढून शाकारून ठेवण्यात पिढ्या घालवल्या, त्या कुठल्या शत्रूसाठी, हे मी त्याला विचारायला हवं होतं.

तो शत्रू मला धक्का पडल्यावर कळला. इंग्रजीत त्याच्या नावात किडा आहे, पण तो किडा नव्हे. तो शिंपल्यांच्या वर्गातला, म्हणजे आपण ज्या तिसऱ्या आवडीनं खातो त्यांचा लांबचा भाऊबंद. पिल्लू असताना तो पाण्यातून तरंगत येतो आणि लाकडावर बसतो. टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतो आणि पुन्हा बाहेर पडत नाही. त्याच्या शिंपा डोक्याशी उरलेल्या असतात, कानशीसारख्या, त्यांनी तो लाकूड किसत पुढं जातो आणि मागं बिळाला चुन्याचं अस्तर लावत जातो. बाहेरून खांबावर बारीक टिंबं दिसतात, बस. १७३१ च्या सुमाराला याच प्राण्यानं नेदरलँड्समधल्या समुद्रबांधांचे लाकडी भाग पोखरले आणि त्या देशाला आपले बांध दगडानं मढवावे लागले. ज्या देशाच्या पुलाचा फोटो मी काचेखाली ठेवला होता, त्या देशानं जवळपास तीनशे वर्षांपूर्वी शिकलेला धडा मी वाचलाच नव्हता. माझे खांब पाण्यात दोन वर्षं आणि काही महिने टिकले.

मग मी गप्प का राहिलो? भीती होती, आजींच्या अपघातानंतर तर जास्तच. वादळानं सगळीकडे नुकसान झालं होतं, त्यात आमचा धक्का सहज मिसळून गेला. लोक उलट माझी समजूत घालत होते की निसर्गापुढे कोण काय करणार. एका वर्षाआधी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळानं श्रीवर्धन आणि दापोली-मंडणगडकडच्या लोकांची घरं आणि बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. त्या माणसांचं दुःख खरं होतं. माझ्या चुकीला त्यांच्या रांगेत उभं करणं, हे मी या सगळ्यात केलेलं सर्वांत वाईट काम.

२०२३ मध्ये संस्थेनं मला पुन्हा बोलावलं. धक्का परत बांधायचा होता, "या वेळी वादळाला टिकेल असा". त्यांनी आपणहून सुचवलं की तेच लाकूड घेऊ, फक्त खांब दुप्पट जाड करू. तेव्हा मला कळलं की कारण खोटं सांगितलं की उपायही खोटा सुचतो. दुप्पट जाड खांब त्या प्राण्याला दुप्पट घर झालं असतं, आणि पुढच्या वेळी धक्का पडताना त्यावर माणसं असती. मी खाली गेलो, डिकीतला तुकडा आणला आणि बैठकीच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. संस्थेतले ज्येष्ठ गृहस्थ बराच वेळ तो तुकडा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तेव्हाच सांगितलं असतंत तर उरलेले दोन खांब तरी आम्ही लगेच काढले असते. दोन वर्षं मुलं त्यावरून उड्या मारत होती."

हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी घेतलेलं मानधन परत केलं आणि नव्या धक्क्याच्या पायाचं काम स्वतःच्या खर्चानं केलं. आता मोठ्या भरतीच्या रेषेखाली लाकडाचा एक इंचही नाही. काँक्रीटचे खांब पाण्याच्या बरेच वर आणले आहेत, त्यावर ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे पाय, आणि त्यावर लाकूड. वासे ऐनाचे आहेत, मोडून काढलेल्या एका जुन्या घराचे. मेस्त्रीकाकांनी ते स्वतः ठोकून, ऐकून निवडले. वाटेखालचे गाडलेले चिरे काढून काळ्या दगडाचे तळखडे बसवले आहेत आणि खालून वीतभर वारा खेळतो. जुन्या सुधारित फळ्या उलट्या करून, कोरलेली बाजू खाली घेऊन, पुन्हा वापरल्या. फळ्यांमधली फट वाढवली, तेल लावणं बंद केलं, सावली धरणाऱ्या काही फांद्या छाटल्या. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी माळी काथ्याच्या झाडूनं वाट घासतो. त्याचा पगार मूळ अंदाजपत्रकात कुठेच नव्हता. आता आहे. पावसाळ्यात मी दर रविवारी तिथं चालायला जातो.

सुधारित लाकडावरचा माझा विश्वास उडालेला नाही. उलट मला वाटतं की कोकणाला त्याची गरज आहे, फक्त ते इथल्या लाकडातून घडायला हवं. बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत ऑस्ट्रेलियन अकेशियाच्या लाकडावर उष्णतेच्या प्रक्रियेचे प्रयोग झाले आहेत. सामाजिक वनीकरणानं लावलेलं ते झाड आपल्याकडे रस्तोरस्ती आहे आणि बहुतेक सरपणातच जातं. जिल्ह्यात एक लहान भट्टी उभी राहिली तर फिनलंडहून जहाजानं फळ्या आणण्याची वेळ येणार नाही. यात कुणाला पुढाकार घ्यायचा असेल तर माझ्याकडे जे काही ज्ञान आहे, आणि मुख्य म्हणजे जे फसलं त्याच्या सगळ्या नोंदी, मी विनामूल्य देईन.

आणि खाडीकाठी लाकडी वाट बांधायला निघालेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपरिषदेला, माझ्यासारख्या प्रत्येक अभियंत्याला एक विनंती. जे लाकूड वापरणार असाल त्याचे दोन हातभर तुकडे घ्या. एक तिथल्याच मातीवर ठेवा, दुसरा दोरीनं भरतीच्या पाण्यात बांधा. दोन पावसाळे जाऊ द्या. मग दोन्ही करवतीनं मधोमध कापून आत बघा, आणि त्यानंतर ऑर्डर द्या.